काळ्या मातीतला गादीवाफा: रोहिणीपासून वाफशापर्यंतची तयारी

विदर्भात परसातला भाजीचा वाफा बहुतेक घरी पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. जमीन मऊ झालेली असते, फावडं सहज आत जातं, पोरंही हौसेनं मदतीला येतात. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं. मागे छोटी सांदवाडी (परसबाग) आहे, माती काळी, भारी. पहिल्या वर्षी मीही असाच ओला चिखल उपसून फूटभर उंच वाफा रचला, वरून शेणखत पसरलं, भेंडी आणि चवळी टोबली. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली आणि त्या वाफ्याची वीट झाली. खुरपं मारलं की आवाज येई. भेंडी गुडघ्याच्या वर गेली नाही. शेजारच्या आजींनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "वाफसा न पाहता हात लावला नं बाप्पा तुनं."

त्यांचं ते एक वाक्य या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. गादीवाफ्यात, म्हणजे अशा उंच वाफ्यात, खत किती, उंची किती, कडेला काय लावायचं, हे सगळं नंतर सुधारता येतं. काळ्या मातीला चुकीच्या ओलीवर हात लागला, तर तो हंगाम मात्र गेलाच.

असं का होतं ते थोडं समजून घेतलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. पश्चिम विदर्भातली आणि नागपूर-वर्ध्यापर्यंतची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या बुजतात. या मातीत निसर्गतः छोटी छोटी ढेकळं असतात आणि ढेकळांमधल्या फटींतून मुळांना हवा मिळते. माती ओली असताना तुडवली, उपसली, थापली की ढेकळं मोडून त्यांचा लगदा होतो. लगदा वाळला की वीट. उलट ती पार कोरडी असताना खणली तर दगडासारखी मोठी ढेकळं निघतात आणि ती फुटता फुटत नाहीत. या दोन्हींच्या मधली जी ओल, तोच वाफसा. भारी मातीत तो दोन-तीन दिवस टिकतो, कधी एकच दिवस.

आधी आपली माती कोणती ते पाहा

सगळ्या विदर्भाची माती काळी नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पिवळसर, लालसर, मुरमाड माती बरीच आहे. ती हलकी असते आणि पाणी धरत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातली माती काळीच दिसते, पण तिचं दुखणं वेगळं आहे. त्यामुळे नागपूरच्या मावशीनं सांगितलेलं प्रमाण अकोटच्या भाचीनं तसंच्या तसं वापरू नये.

घरच्या घरी तीन गोष्टी तपासा.

काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या. वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घाला, खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाशी बसते. पोयट्याला काही तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंतही पाणी गढूळ ठेवते. निम्म्याहून जास्त थर चिकणमातीचा निघाला तर तुमची माती भारी.

दुसरं, पाण्याचा निचरा. जिथं वाफा करायचा तिथं फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा करा. पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथं गादीवाफ्याची खरोखरच गरज आहे.

तिसरी तपासणी खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी चुकवू नये. ग्लासात पावसाचं पाणी किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या आणि त्यात सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ नुसतं फुटून खाली पडलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरत गेला तर मातीत सोडियम जास्त आहे. त्यावरचा उपाय जिप्सम आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

याशिवाय एकदा माती परीक्षण करून घ्या. खत घालण्याच्या आधी, चार-पाच जागांवरून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करा आणि त्यांच्या कडेची माती खरवडून घ्या. ती एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो कापडी पिशवीत भरून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवालात सामू (पीएच), विद्राव्य क्षार आणि सेंद्रिय कर्ब या तीन ओळी आधी वाचा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू सहसा साडेसातच्या पुढे असतो, चुनखडी असते आणि जस्त व लोहाची कमतरता दिसते. पालकाची किंवा भेंडीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, तो बहुतेकदा लोहाचाच प्रश्न असतो.

मे महिन्यात करायचं काम

वाफा ४ फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण एकदा तयार झालेल्या वाफ्यात पाय पडता कामा नये. लांबी १० फूट धरू, म्हणजे हिशेब सोपा होतो. जागा सकाळच्या उन्हाची निवडा. पश्चिमेला घराची भिंत किंवा शेवग्याचं झाड असेल तर मार्च-एप्रिलमध्ये भाजी वाचते. मात्र कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या अगदी बुडाशी वाफा करू नका. त्यांची मुळं तुमचं खत आधी खातात.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी जागेवरचं तण काढा. हराळी, कुंदा आणि लव्हाळा वरून कापून चालत नाही. सब्बल घालून हराळीचे धागे आणि लव्हाळ्याच्या गाठी जेवढ्या निघतील तेवढ्या वेचायच्या आणि उन्हात तापवायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात घालवलेला एक दिवस पुढे पावसाळाभर खुरपणी वाचवतो. पाणी उपलब्ध असेल तर जागा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा आणि कडा मातीनं दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तणाचं बी आणि बरीचशी रोगट बुरशी त्याखाली मरते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र यानंही पुरत्या मरत नाहीत, त्या हातानंच काढाव्या लागतात.

प्लास्टिक घालणार नसाल तर या दिवसांत पडलेल्या भेगांचा फायदा घ्या. चाळलेलं, भुरभुरीत, पूर्ण कुजलेलं खत त्या भेगांवर पसरा आणि खराट्यानं आत लोटा. खणण्याची मेहनत न करता फूट-दीड फूट खोल खत पोचतं. पाऊस आला की भेग मिटते आणि खत आतच राहतं. काळी माती आपणहून देते अशी ही सोय आहे.

मातीत काय मिसळायचं आणि काय नाही

सगळ्यात आधी रेतीबद्दल. "माती चिकट आहे, रेती टाक" हा सल्ला गावोगाव मिळतो. मोकळेपणा यायचा तर रेती मातीच्या बरोबरीनं किंवा जास्त घालावी लागते. एक-दोन घमेली घातली तर चिकणमाती रेतीच्या कणांना धरून ठेवते आणि आणखी कठीण होते. काळी माती सेंद्रिय पदार्थानं मोकळी होते, रेतीनं नाही.

वाफ्याच्या तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे घालायचीही पद्धत आहे. ती सोडा. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच अडकतं. म्हणजे निचऱ्यासाठी घातलेला थर मुळांपाशीच चिखल साठवतो. त्याऐवजी तळाची माती टिकावानं वीतभर सैल करा, म्हणजे वरची आणि खालची माती एकमेकींना धरेल.

शेणखत हा वाफ्याचा जीव आहे, पण ते खरं कुजलेलं हवं. उकिरड्यावरचं वरचं वर उचललेलं अर्धवट खत घातलं की त्यासोबत हुमणी येते, गाजरगवताचं बी येतं आणि वाळवीलाही आयतं खाद्य मिळतं. कुजलेलं खत काळपट, हलकं, मातीच्या वासाचं असतं आणि हातात धरलं की गरम लागत नाही. शंका असेल तर मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर डोळ्यात जाईल असा उग्र वास आला तर ते अजून तयार नाही.

ज्यांच्याकडे एक-दोनच जनावरं आहेत त्यांच्यासाठी नाडेप पद्धत आपल्याच मातीतली आहे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच तिचं नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं जाळीदार भिंतींचं विटांचं टाकं. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर. साधारण चौदाशे-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण फक्त ९० ते १०० किलो लागतं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. दिवाळीनंतर भरलेलं टाकं मे महिन्यात बरोबर हाताशी येतं.

कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, वापर जपून करा. सोयाबीनचं किंवा तुरीचं ताजं कुटार मातीत गाडलं तर ते कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र वापरून टाकतात आणि रोपं महिनाभर पिवळी राहतात. कुटार वरून आच्छादनाला घ्या, आत कुजलेलंच घाला. आणखी एक खबरदारी, जी मी उशिरा शिकलो: ज्या सोयाबीनच्या वावरात तणनाशक मारलं असेल तिथली माती परसात आणू नका. इमॅझेथापायरसारखी काही तणनाशकं जमिनीत बरेच महिने टिकतात. ती सोयाबीनला चालतात, पण मोहरी, कोबीवर्गीय भाज्या किंवा पालकाला नाही. बाहेरून माती आणलीच तर आधी एका डब्यात मोहरी आणि पालक पेरून पंधरा दिवस पाहा. रोपं खुरटली किंवा वाकडी निघाली तर ती माती परत करा.

पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, तुकडे थेट वाफ्यात नकोत. त्या वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते आणि भेंडी ही कपाशीच्याच कुळातली. पऱ्हाट्या जाळूही नका. तुकडे करून शेणकाल्यात भिजवा आणि खताच्या टाक्यात वर्षभर कुजू द्या.

चुलीची राखही आपल्याकडे सवयीनं वाफ्यात जाते. काळी माती मुळातच विम्लधर्मी आहे, राखेनं सामू आणखी वाढतो. चुन्याचंही तेच. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या किंचित आम्लधर्मी लाल मातीत मूठ-दोन मुठी राख चालते, इथं नाही.

तलावातला गाळ कोणाला? भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांचा गाळ हलक्या, मुरमाड मातीला सोनं आहे. वाफ्याचा चौथा हिस्सा गाळ घातला तरी चालेल, पण तो उन्हात वाळवून, फोडून. भारी काळ्या मातीत तोच गाळ घालणं म्हणजे चिकणमातीत चिकणमातीच घालणं.

आता हिशेब. १० बाय ४ फुटांचा, १ फूट उंचीचा वाफा म्हणजे ४० घनफूट. साधारण १४ लिटरच्या दोन बादल्या म्हणजे १ घनफूट. भारी काळ्या मातीसाठी मी असं प्रमाण धरतो: माती ५५ बादल्या, कुजलेलं शेणखत किंवा नाडेप खत २० बादल्या आणि जुनं भाताचं तूस किंवा पानमाती ८ बादल्या. वरून निंबोळी पेंड १ किलो. माती बाहेरून आणायची गरज नाही. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाची वाट सोडा आणि तिथली वरची सहा-सात इंच माती उचला. सैल झाल्यावर त्यातूनच चाळीसेक बादल्या निघतात, उरलेली दोन्ही टोकांना चर खणून मिळते. वाट खाली गेली की पावसाळ्यात तीच पाण्याची चारी होते. म्हणजे वाफा वर चढतो आणि वाट खाली उतरते. तिचा उतार घराकडे नको.

हलक्या मुरमाड मातीत खत २५ बादल्यांपर्यंत वाढवा, गाळ घाला आणि वाफा सहा इंचांहून उंच करू नका, नाहीतर तो रोज पाणी मागेल.

जस्ताची कमतरता निघाली असेल तर एवढ्या वाफ्याला झिंक सल्फेट १० ग्रॅम पुरे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या मातीत नुसतं टाकलं की बांधलं जातं. तेवढंच घेऊन ते बादलीभर ओल्या शेणखतात मिसळा, आठवडाभर मुरू द्या आणि मग पसरा.

शेणखताच्या ढिगात मिसळणीच्या आठ दिवस आधी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची १ किलो पावडर कालवा. ढीग सावलीत ठेवा, ओल्या बारदान्यानं झाका. टोमॅटो-वांग्याची मर आणि मूळकूज आटोक्यात राहायला त्याची मदत होते. जीवामृतही द्या, पण ते खताच्या जागी नाही. ते सूक्ष्मजीवांचं विरजण आहे. लावायला दूधच नसेल तर विरजणाचा काय उपयोग?

वाफशाचा दिवस

रोहिणीच्या सुमारास सगळं साहित्य जागेवर आणून झाकून ठेवा. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की हात बांधून बसा. हेच सगळ्यात अवघड. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्या आणि आवळा. हाताला चिकटून राहिली, बोटांमध्ये लोणी लागल्यासारखं वाटलं, तर वाफसा नाही. फावड्यानं कापलेली माती आरशासारखी चमकली तरी नाही. आवळल्यावर लाडू वळला, कमरेएवढ्या उंचीवरून टाकला आणि त्याचे चुरमुऱ्यासारखे कण झाले, तर त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवा. पावसाची वाट न पाहता मेमध्येच काम उरकायचं असेल, तर जागेला भरपूर पाणी द्या आणि चार-पाच दिवसांनी हीच परीक्षा घ्या.

आधी तळ वीतभर सैल करा, माती उलटवू नका. मग वाटेवरची माती, खत आणि तूस आलटून पालटून तीन-चार इंचांच्या थरांत टाका. प्रत्येक थर दाताळ्यानं कालवा, निंबोळी पेंड वरच्या दोन थरांत जाऊ द्या. ढेकळं लिंबाएवढी राहिली तरी चालतात, पावसानं ती आपोआप फुटतात. पिठासारखी माती करू नका, पहिल्याच सरीत तिच्यावर पापडी धरते आणि बी वर येत नाही. काठोकाठ भरून वर दोन-तीन इंच फुगीर राहू द्या, कारण मिश्रण महिनाभरात पाचव्या हिश्शापर्यंत बसतं.

कडेला काय? काळी माती फुगते-आकसते, म्हणून सिमेंटनं बांधलेल्या पातळ भिंतीला दोन पावसाळ्यांत तडे जातात. सुटे दगड, जुन्या घराचे कवेलू (कौलं) उभे रोवून, किंवा बांबूच्या खुंट्यांना तुराट्या बांधून केलेली कड माफक हलते आणि टिकते. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे मात्र कापून लावू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि कापताना त्याची धूळ छातीत जाते. काहीच नसेल तर बाजू तिरपी ठेवून कडेनं गवती चहा लावा.

खारपाणपट्ट्यात

ढेकळाभोवती ढग दिसला असेल आणि अहवालातही सोडियम जास्त निघाला असेल, तर एवढ्या वाफ्याला साधारण १ ते २ किलो जिप्सम लागतं. नेमकं प्रमाण अहवालावरून घ्या. ते पावसाच्या आधी वरच्या वीतभर मातीत मिसळा. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं आणि पावसाचं पाणी त्याला खाली वाहून नेतं. म्हणून निचऱ्याच्या चाऱ्या नसतील तर जिप्सम वाया जातं. इथं बोअरचं खारं पाणी वाफ्याला देऊ नका. पांढरा थर दिसायला लागला की समजा, केलेलं काम उलटायला लागलं आहे. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात धरून ठेवा आणि तेवढ्या पाण्यात बसेल एवढाच हिवाळी भाजीपाला घ्या.

पेरणीच्या आधी आणि नंतर

घाई नसेल तर पहिला हंगाम मातीलाच द्या, असं मी मनापासून सांगेन. जूनमध्ये बोरू (ताग) किंवा धैंचा यांपैकी एक हिरवळीच्या खताचं पीक दाट पेरा. ४० ते ४५ दिवसांत, फुलं यायच्या आत कापा आणि वाफशावर वरच्या वीतभर मातीत मिसळा. त्याची मुळं तळापर्यंत वाटा करून ठेवतात. पंधरा-वीस दिवसांनी त्याच वाफ्यात मेथी, पालक, मुळा, सांबार (कोथिंबीर) असा हिवाळ्याचा भाजीपाला घ्या. यंदाच भाजी हवी असेल तर वाफा भरून दोन आठवडे बसू द्या आणि चवळी, गवार, भेंडी यांनी सुरुवात करा. टोमॅटो-वांगी त्यानंतर.

रोपं बोटभर झाली की दोन इंच कुटार पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. गादीवाफा जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यापासून वाचवतो, पण मार्चनंतर तोच वाफा चारही बाजूंनी तापतो. तेव्हा आच्छादन तीन-चार इंचांचं करा, पाणी संध्याकाळी द्या, आणि एप्रिल-मेमध्ये वरून जुन्या साडीची किंवा हिरव्या जाळीची सावली धरा. पाणी द्यायचं की नाही, हे वरच्या वाळलेल्या थरावरून ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर उद्या.

पुढच्या मेपर्यंत वाफा दोन-तीन इंच खाली बसलेला दिसेल आणि कडेनं बारीक भेगा पडलेल्या असतील. तो पुन्हा खणू नका. गांडुळांनी आणि मुळांनी केलेल्या वाटा मोडतात. जुन्या पिकाची बुडं जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. सहा-सात बादल्या कुजलेलं खत वरून पसरा, थोडं भेगांत लोटा आणि कुटारानं झाकून रोहिणीची वाट पाहा.